पावसात ऐकायचे संथ, उदास अल्बम: गोव्यात अजून कोण ऐकतं?

पाणंद (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. गोव्याचं संगीत म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांचा ठोका येतो. आपल्या घरातल्या मोठ्यांना केसरबाई, मोगूबाई, दीनानाथ आठवतात आणि देवळातली भजनं. या दोन्हींच्या मध्ये माझ्यासारखी काही माणसं असणार, जी पाऊस लागला की दार लावून इंडी रॉकमधले अत्यंत संथ अल्बम ऐकत बसतात. ती शोधण्यासाठी हा धागा.

ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या शेवटी ग्रंज या गोंगाटी रॉकच्या गिटारी गरजायला लागल्या होत्या. नेमक्या त्याच वेळी काही बँड उलट्या दिशेने निघाले. गॅलक्सी ५०० चा 'ऑन फायर' १९८९ चा, कोडीनचा 'फ्रिजिड स्टार्स' १९९० चा. मग १९९४ मध्ये लो या बँडचा पहिला अल्बम आला, 'आय कुड लिव्ह इन होप'. या प्रकाराला स्लोकोर म्हणतात.

लो हा मिनेसोटातल्या डुलुथ गावचा बँड. लेक सुपीरिअरच्या काठावरचं हे गाव, हिवाळा हाडं गोठवणारा. अ‍ॅलन स्पारहॉक आणि मिमी पार्कर हे नवराबायको आणि एक बेसवादक, एवढाच संसार. सुरुवातीच्या काळात रॉकच्या कार्यक्रमांत त्यांच्यासमोर लोक मोठमोठ्याने बोलत उभे राहायचे. अशा वेळी कुठलाही बँड आवाज चढवेल. हे लोक आवाज आणखी कमी करायचे. मला या माणसांबद्दल प्रेम वाटायला लागलं ते इथून.

त्या पहिल्या अल्बममध्ये जवळजवळ दहा मिनिटांचं एक गाणं आहे. त्यात फारसं काही घडत नाही. तेच दोन-तीन सूर, तोच ठोका, हळूहळू किंचित भरत जाणारा आवाज. आणि मी दर वेळी शेवटपर्यंत बसतो. माझा प्रश्न हाच: जी लय कुठे पोचायची घाई करत नाही, तिच्यासोबत आपण पाऊण तास का बसून राहतो? तुम्ही काय ऐकता, कसं ऐकता, सगळं लिहा.

---

नवी_इयत्ता

मी! पणजीत कॉलेजला आहे आणि आमच्या अख्ख्या वर्गात हे ऐकणारी मी एकटी.

माझी सुरुवात डस्टर या बँडपासून. 'स्ट्रॅटोस्फिअर' १९९८ चा, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीचा. रीलमध्ये एक तुकडा ऐकला आणि शोधत गेले. त्यांना तेव्हा फार कोणी ओळखत नव्हतं, बँड थांबला, आणि वीस वर्षांनी माझ्या वयाची मुलं ऐकायला लागली तेव्हा ते परत एकत्र आले. टेपवर केलेलं ध्वनिमुद्रण, आवाज धुळकट, शब्द अर्धेच कळतात. तरी मला तो अल्बम फार जवळचा आहे.

अडचण अशी की पूर्ण अल्बम ऐकताना तिसऱ्या-चौथ्या गाण्याला मन उडतं आणि हात फोनकडे जातो. तुम्ही लोक कसं बसता?

---

ठेका_धरा

म्हापशाला तबला शिकवतो. मुलाने लो ऐकवलं तेव्हापासून या प्रकाराच्या मागे लागलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

हळू वाजवणं सोपं असतं हा समज काढून टाका. दोन ठोक्यांमधलं अंतर जितकं मोठं, तितका हात पुढे पळायला बघतो. आपल्याकडे विलंबित एकतालात हे अंतर आम्ही भरून काढतो. बारा मात्रांचा ताल, अतिविलंबितात एक आवर्तन मिनिटभराचंही होतं, पण आत तिरकिट असतं, भरीचे बोल असतात. गायकाला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे हे सतत कळत राहतं. (आपल्या केसरबाई-मोगूबाईंची जयपूर गायकी तशी अतिविलंबिताची नव्हे. तो अनुभव घ्यायचा तर आमीर खाँसाहेबांचा झुमरा तालातला ख्याल ऐका.)

मिमी पार्कर भरत नाही. ती उभ्याने वाजवायची. एक झांज, एक-दोन ड्रम, हातात बहुतेक वेळा काठीऐवजी तारांचा ब्रश. पायाने वाजवायचा मोठा ड्रम नाही. ठोका पडतो, मग मोकळी जागा, मग पुढचा ठोका. ती मोकळी जागा तिघांनी मनातल्या मनात एकाच मापाने धरायची. एकाचं जरी माप चुकलं तरी लपायला जागा नाही. मिनिटाला साठ-सत्तर ठोक्यांच्या लयीत असं तासभर वाजवणं म्हणजे काय, हे ज्याने हातात काठी धरलीय त्यालाच कळेल. माझ्या विद्यार्थ्यांना मी मुद्दाम ऐकवतो.

पण मला दुसरा फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. ख्याल विलंबितात थांबत नाही. आलाप होतो, लय चढते, बोल-ताना येतात, ताना येतात, मग द्रुत, म्हणजे जलद लयीची बंदिश. ऐकणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक असतं की द्रुत येणार आहे. विलंबितातली हुरहूर सोसवते ती त्या भरवशावर. या अल्बमांत द्रुत येतच नाही. पाणंद, तुमच्या प्रश्नाचं मूळ मला इथे दिसतं.

---

घुमट

ठेका_धरा यांचं वाचून राहवलं नाही. मी सासष्टीचा. आमच्याकडे हेच मांडोत आहे.

मांडो हा गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतला कोकणी गाण्याचा प्रकार. तो संथ असतो, बहुतेक विरहाचा. व्हायोलिन आणि घुमट (मातीचं तालवाद्य) साथीला. एकोणिसाव्या शतकात तो बहरला, आणि कुडतरी हे त्याचं माहेर मानतात. लग्नघरात समोरासमोर रांगा करून, हातात पंखे घेऊन नाचायचे. नाच म्हणायचा पण पाय जेमतेम सरकतात. ज्याने मांडो फक्त पर्यटकांच्या बोटीवर ऐकलाय त्याला त्याची उदासी कळणार नाही. घरात, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकावा. शेवटच्या ओळीला दुसरा आवाज खालून येऊन मिळतो तेव्हा अंगावर काटा येतो. लोमध्ये अ‍ॅलन आणि मिमी यांचे आवाज जसे एकमेकांना चिकटून चालतात, ते ऐकून मला पहिल्यांदा घरच्या मांडोचीच आठवण झाली.

आता मुद्दा. मांडो झाला की दुलपद येतं. लय उडती, गावातल्या माणसांच्या गोष्टी, टाळ्या. मांडोच्या दुःखात लोकांना सोडून द्यायचं नाही अशी ती रीतच आहे. म्हणजे ख्यालाला द्रुत, मांडोला दुलपद. आपल्या दोन्ही परंपरांनी ऐकणाऱ्याची सुटका आधीच ठरवून ठेवली आहे.

मग मला खरंच विचारायचंय: सुटका न देणारं संगीत माणसाने का ऐकावं? टीका करत नाहीये. मीही ऐकतो. पण 'फ्रिजिड स्टार्स' संपला की मला लगेच काहीतरी नाचरं लावावंसं वाटतं.

---

पाणंद

घुमट, ठेका_धरा, तुम्ही दोघांनी मिळून धाग्याला जागेवर आणलंत. देव बरें करूं.

कोडीनबद्दल मात्र थोडं वेगळं सांगतो. ते संथ आहेत, पण हळुवार नाहीत. गिटारची तार एकदा जोरात छेडतात आणि तो आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबतात. म्हणून ते जड वाटतं. घुमट यांना दुलपदाची तहान लागते ती बहुधा त्या जडपणामुळे. गॅलक्सी ५०० ऐकून बघा, त्यात ऊन आहे. गंमत म्हणजे 'ऑन फायर' आणि लोचा पहिला अल्बम, दोन्हींचा निर्माता एकच, क्रेमर नावाचा माणूस. दोन्हींत आवाज थोडा लांबून, मोठ्या खोलीतून आल्यासारखा वाटतो.

---

डिचोलीकर

वाचतोय. मॅझी स्टारचा 'सो टुनाइट दॅट आय माइट सी' (१९९३) कोणीच कसा घेतला नाही? त्यांची गायिका होप सँडोवाल, तिच्या आवाजाला तोड नाही.

---

कुळागर

बरेच दिवस इथे फक्त वाचत होते. घुमट यांच्या प्रश्नाला उत्तर द्यावंसं वाटलं.

बाबा गेले तेव्हा फोंड्याचं घर तेरा दिवस माणसांनी भरलेलं होतं. सगळी चांगली माणसं. पेज आणून देणारी, कागदपत्रं बघणारी, रात्री सोबतीला झोपणारी. आणि प्रत्येक जण जाताना एकच सांगून गेलं, आता सावर. आईला सांगितलं, मला सांगितलं, धाकट्या भावालाही सांगितलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच सांगितलं असतं.

चौदाव्या दिवशी घर रिकामं झालं. मी लोचा 'थिंग्ज वी लॉस्ट इन द फायर' लावला. आधी ऐकलेला होता, आवडला होता, इतकंच. त्या दिवशी त्यात मला पहिल्यांदा कळलं की इथे कोणी मला पुढे ढकलत नाहीये. गाणं हळू चालतंय, माझ्या चालीने चालतंय, आणि संपल्यावर पुढचंही तसंच. मला त्या दिवसांत द्रुत नको होतं. कोणी दुलपद लावलं असतं तर मी उठून गेले असते.

आई शेजारी येऊन बसली. तिला इंग्रजी येत नाही. तिने भजनाशिवाय दुसरं काही मुद्दाम लावून ऐकलेलं मला आठवत नाही. अल्बम संपेपर्यंत बसली आणि म्हणाली, उद्या परत लाव.

घुमट, सुटका हवी असते हे खरं. पण ती कधी हवी हे दुसऱ्याने ठरवू नये असं मला वाटतं. हे अल्बम ते ठरवत नाहीत.

---

घुमट

कुळागर, वाचून गप्प झालो. मांडो घरात मयत झाल्यावर गात नाहीत, हे तुमचं वाचताना लक्षात आलं. तो लग्नाचा, सणाचा. त्याच्या दुःखाला भोवती माणसं आहेत, म्हणून त्याला दुलपद शोभतं. तुम्ही सांगता ते दुःख वेगळ्या वेळेचं आहे.

---

ठेका_धरा

कुळागर, नमस्कार करतो तुम्हाला. आईंनाही.

मिमी पार्कर २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कर्करोगाने गेल्या. जवळजवळ तीस वर्षं नवराबायकोने एकत्र वाजवलं. त्या गेल्यानंतर मी त्यांचा 'हे व्हॉट' (२०२१) परत ऐकला. त्यात यंत्राने फाडलेले, खरवडलेले आवाज आहेत आणि त्या सगळ्याच्या मधोमध ते दोन गळे जसेच्या तसे स्वच्छ. पहिल्या अल्बमची शांतता ज्यांना आवडते त्यांनी तो लगेच लावू नये, पण कधीतरी नक्की लावावा.

---

कॅसेट_९०

धागा छान रंगलाय. मी ऐकण्याच्या साधनांबद्दल लिहितो, कारण या संगीतात अर्धी गंमत शांत जागांत असते आणि आपल्या पावसात तीच पहिली बुडते.

पत्र्याखाली बसून हे अल्बम स्पीकरवर ऐकू नका. पावसाच्या आवाजात ब्रशचा आवाज पूर्ण जातो. मंगळुरी कौलं असली तर जरा बरं. कानावर पूर्ण बसणारा हेडफोन घ्या. आवाज मात्र पावसाशी स्पर्धा करत वाढवू नका, सर ओसरेपर्यंत थांबा.

नवी_इयत्ता, तुमच्यासाठी: अ‍ॅपमध्ये क्रॉसफेड बंद करा, म्हणजे एक गाणं दुसऱ्यात शिरणार नाही. शफल तर नकोच. २०२१ मध्ये गायिका अडेलने विनंती केल्यावर स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं मुख्य बटण शफलचं होतं ते बदलून क्रमाने वाजवणारं केलं. गाण्यांचा क्रम हा कलाकाराचा निर्णय असतो एवढंच तिचं म्हणणं होतं. मन उडत असेल तर आधी छोटा अल्बम घ्या. निक ड्रेकचा 'पिंक मून' (१९७२) अठ्ठावीस मिनिटांचा आहे. एक आवाज, एक गिटार, एका ठिकाणी थोडा पियानो. रॉक नव्हे, पण या सगळ्यांचा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

आता माझा सगळ्यांत लाडका. काउबॉय जंकीज, 'द ट्रिनिटी सेशन'. २७ नोव्हेंबर १९८७ रोजी टोरांटोतल्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये ध्वनिमुद्रित. एकच मायक्रोफोन मध्ये ठेवला आणि सगळे वादक त्याच्याभोवती. कोणाचा आवाज जास्त झाला तर बटण फिरवून कमी करायची सोय नाही, त्या माणसालाच मागे सरकवायचं. गायिका मार्गो टिमिन्स इतकी हळू गाते की तिचा आवाज स्पीकरमधून चर्चमध्ये सोडला आणि तिथून मायक्रोफोनने उचलला. ऐकताना छताची उंची ऐकू येते. जुन्या गोव्याच्या टेकडीवरच्या मोंते कपेलात (छोट्या चर्चमध्ये) संगीत महोत्सवाला जे बसलेत त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल: सूर थांबल्यावर भिंती तो थोडा वेळ धरून ठेवतात. वादकाला मग पुढचा सूर घाईने लावताच येत नाही. खोलीच लय ठरवते.

ध्वनिमुद्रण करणारा स्टीव्ह अल्बिनी, त्याचंही तेच. कुळागर यांनी लिहिलेला लोचा अल्बम (२००१) आणि त्याआधीचा 'सीक्रेट नेम' (१९९९), दोन्ही त्याने ध्वनिमुद्रित केले. स्वतःला निर्माता म्हणवून घ्यायचा नाही, रॉयल्टी घ्यायचा नाही, ठरलेली मजुरी घ्यायचा. बँड खोलीत जसा वाजतो तसा पकडायचा हे त्याचं व्रत. २०२४ मध्ये गेला.

अवांतर: ज्यांच्याकडे कॅसेट, रेकॉर्ड आहेत त्यांनी जून लागायच्या आधी बघून घ्या. कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती तशीच वाजवू नका, हेड खराब होतं आणि बुरशी दुसऱ्या कॅसेटवर जाते. रेकॉर्ड उभ्याच ठेवा, कव्हरात सिलिका जेलची पुडी. आपल्याकडे कपड्यांच्या कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवतात, तो रेकॉर्डजवळ नको. उष्णतेने रेकॉर्ड वाकते.

---

नवी_इयत्ता

कॅसेट_९०, 'पिंक मून' ऐकला! पूर्ण, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. आता 'ट्रिनिटी'. पावसावर काही आहे का? म्हणजे पाऊस खरंच असलेलं?

---

पाणंद

आहे. ग्रूपरचा 'रुइन्स' (२०१४). ग्रूपर म्हणजे लिझ हॅरिस. ही बाई दक्षिण पोर्तुगालमधल्या अल्जेझुर नावाच्या गावात राहून २०११ मध्ये पियानोवर हे करत होती. छोटा चार ट्रॅकचा टेप रेकॉर्डर. मागे बेडूक ओरडतात, पाऊस आहे, आणि एका गाण्याच्या शेवटी मायक्रोवेव्हचा बीप ऐकू येतो, कारण गेलेली वीज तेव्हा परत आली. तिने तो काढला नाही. जुलैत डिचोलीला बसून हा अल्बम ऐकताना बेडूक तिकडचे की मागच्या शेतातले हे मला सांगता येत नाही. याला रॉक म्हणणार नाही कोणी, पण या धाग्यात तो बसतो.

आणि 'साँग्ज: ओहाया' या बँडचा 'डिड्न्ट इट रेन' (२००२). जेसन मोलिना आणि बाकीचे एकाच खोलीत बसून वाजवतात, नंतर वरून काही जोडलेलं नाही. सुरुवातीच्या गाण्यात त्याचा आवाज ज्या धीराने पुढे जातो तो ऐकाच.

---

मांडवीपार

थोडं अप्रिय लिहितो, रागावू नका. जेसन मोलिना २०१३ मध्ये गेला. वय ३९. दारूने. ज्या माणसाचं दुःख आपण पावसात मजेने ऐकतो तो माणूस त्या दुःखातून बाहेर आला नाही. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी औषधोपचार घेतलेत. त्या काळात हे अल्बम रात्र रात्र ऐकायचो आणि माझ्या बाबतीत त्याने भलं झालं नाही. झोप गेली, माणसं टाळायला लागलो, आणि हे संगीत मला त्यासाठी चांगलं कारण द्यायचं. कुळागर यांचा अनुभव खरा आहे, माझाही खरा आहे. धाग्यावर तरुण मुलं आहेत म्हणून लिहिलं.

---

कुळागर

रागवायचं कशाला? लिहिलंत ते फार बरं केलंत. मला वाटतं फरक हा की माझ्या शेजारी आई होती. रात्री जेवायला हाक मारणारं कोणी होतं. एकटीने, दार लावून, रात्रभर ऐकलं असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही.

---

ठेका_धरा

मांडवीपार, बरोबर बोललात. करुण रस म्हणजे शोक नव्हे हे आपल्याकडे भरतमुनींपासून सांगत आलेत. रस व्हायला मनाला थोडं अंतर लागतं. आजारात ते अंतर उरत नाही. मग कितीही चांगलं वाजवलेलं असो, ते जखमेवरच वाजतं. अशा वेळी संगीत बाजूला ठेवून माणसाशी बोलावं. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६, चोवीस तास. लिहून ठेवा.

पण मोलिनाबद्दल एक. तो गेला त्यावरून त्याचं गाणं मोजू नका. 'डिड्न्ट इट रेन'मध्ये तो रडगाणं गात नाही, तो सोबतच्या वादकांना सांभाळून घेत गातो. मागच्या आवाजाला जागा देतो. माणसाने एवढं नीटनेटकं काम करून ठेवलंय, ते त्याच्या कामासाठी ऐकू या.

---

मांडवीपार

हे पटलं. आता बरा आहे, आणि ऐकतोही. सकाळी, फेरीबोटीतून चोडणला जाताना. रात्री नाही.

---

डिचोलीकर

एकत्र बसून ऐकलं तर? घुमट म्हणाले तसं, भोवती माणसं असली की गोष्ट वेगळी होते.

---

ठेका_धरा

माझी शिकवणीची खोली रविवारी संध्याकाळी मोकळी असते. म्हापसा, दहा-बारा माणसं आरामात. खाली चटया आहेत. एक अल्बम, मध्ये बोलायचं नाही, फोन बंद, मग चहा आणि हवं तेवढं भांडण. घुमट, शेवटी तुमचं दुलपद चालेल. ज्याला नको त्याने त्याआधी उठावं, कोणी अडवणार नाही.

---

घुमट

घुमट घेऊन येतो. खरंच.

---

कॅसेट_९०

माझा अ‍ॅम्प आणि दोन स्पीकर आणतो. छप्पर कसलं आहे?

---

ठेका_धरा

स्लॅब.

---

पाणंद

मग ठरलं. पहिला अल्बम कोणता ते इथेच सांगा. माझं मत 'आय कुड लिव्ह इन होप'.

---

नवी_इयत्ता

'स्ट्रॅटोस्फिअर'! मोठ्या स्पीकरवर मी तो कधीच ऐकलेला नाही.

---

कुळागर

'ट्रिनिटी सेशन'. आईला घेऊन येते आहे, काल तिला ऐकवला, तिला मार्गोचा आवाज आवडला. खुर्ची असली तर एक ठेवा, तिला खाली बसता येत नाही.